इंटर तो हंगाम म्युनिकमध्ये हरला नाही

इंटर मिलान या इटालियन फुटबॉल क्लबच्या २०२४-२५ च्या हंगामाचा विषय निघाला की समोरचा लगेच म्युनिकवर येतो. ३१ मे, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल, पॅरिस सेंट जर्मेनकडून ५-०. फायनलच्या इतिहासातला सगळ्यात मोठ्या फरकाचा पराभव. त्या रात्रीचं समर्थन मी करणार नाही. विसाव्या मिनिटाला २-० झालं होतं आणि त्यानंतर इंटरचे पाय चाललेच नाहीत. पण अख्ख्या हंगामाचा हिशेब या एका सामन्यावर मांडणं मला अजिबात पटत नाही. इंटरच्या हातून जे निसटलं ते त्याआधीच, इटालियन लीगमध्ये निसटलं होतं. तेही बहुतेक वेळा शेवटच्या पाच मिनिटांत.

लीगचा शेवट बघा. नापोली ८२, इंटर ८१. एक गुण!

१८ मेची रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. शेवटून दुसरी फेरी, सगळे महत्त्वाचे सामने एकाच वेळी सुरू. नापोली पार्मात गोल करू शकत नव्हता आणि इकडे घरच्या सान सिरोवर इंटर लाझिओविरुद्ध २-१ ने पुढे. तेवढंच टिकलं असतं तर इंटर पहिल्या स्थानावर जाऊन शेवटच्या सामन्याला उतरला असता. नव्वदावं मिनिट. व्हीएआरने (व्हिडिओ पाहणाऱ्या पंचांनी) इंटरच्या बिसेकचा हॅन्डबॉल दाखवला, पेनल्टी, आणि लाझिओच्या पेड्रोने सामन्यातला आपला दुसरा गोल केला. २-२. तिकडे पार्मात ०-० च राहिलं, म्हणजे नापोलीने दार उघडं ठेवलं होतं आणि इंटर उंबरठ्यावरून परत फिरला. पाच दिवसांनी इंटरने कोमोला २-० ने हरवलं, पण नापोलीनेही काल्यारीला तेवढ्याच फरकाने हरवून स्कुडेटो, म्हणजे लीगचा किताब, नेला.

आणि हे एकदाच झालं असं नाही. मार्चमध्ये खुद्द नापोलीच्या मैदानात डिमार्कोच्या फ्री किकने इंटर पुढे होता, ८७ व्या मिनिटाला बिलिंगने बरोबरी केली. त्याआधी नोव्हेंबरमध्ये त्याच नापोलीविरुद्ध १-१ असताना चाल्हानोग्लूची पेनल्टी खांबाला लागली. इटालियन लीगमध्ये तोवर त्याने एकही पेनल्टी चुकवली नव्हती! २० एप्रिलला बोलोन्यात ९४ व्या मिनिटाला ओर्सोलिनीने हवेत उलटं होऊन गोल मारला, १-० ने हार. त्या गोलाआधीचा थ्रो-इन भलत्याच जागेवरून घेतला गेला यावर खूप आरडाओरडा झाला, पण बचावफळीला सावरायला वेळ होता, हे मान्य करायला हवं. जानेवारीत रियाधला इटालियन सुपर कपच्या फायनलमध्ये शहरातल्याच प्रतिस्पर्धी एसी मिलानविरुद्ध २-० ची आघाडी होती, तिथेही भरपाई वेळेत अब्राहमचा गोल आणि ३-२.

यातला कुठलाही एक क्षण नशिबावर ढकलता येईल. सगळे नाही. दमलेला संघ शेवटी एक पाऊल उशिरा पोचतो, एवढी साधी गोष्ट आहे. अचेर्बी ३७ वर्षांचा, सोमर आणि मखितारियान ३६ चे, दार्मियान ३५ चा. लीग, चॅम्पियन्स लीग, कोपा इटालिया (इटलीची बाद पद्धतीची स्पर्धा), सुपर कप मिळून ५९ सामने, आणि मोठ्या सामन्यांना जवळजवळ तेच अकरा. २० ते २७ एप्रिल या आठ दिवसांत बोलोन्या, मिलान आणि रोमा यांच्याकडून तीन पराभव झाले. इंटरचा एकही गोल नाही. पोपच्या अंत्यविधीमुळे रोमाचा सामना शनिवारवरून रविवारी गेला, म्हणजे बार्सिलोनाविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलच्या आधीची विश्रांती आणखी एका दिवसाने घटली. याची जबाबदारी मी खेळाडूंवर टाकणार नाही. करार संपलेले अनुभवी खेळाडू फुकटात आणायचे, हे धोरण पैशाची चणचण असताना हुशारीचं होतं. चाल्हानोग्लू, मखितारियान, थुराम असेच आले. पण लाउतारो आणि थुराम यांना बसवून ज्याला बिनधास्त उतरवावं असा तिसरा स्ट्रायकर व्यवस्थापनाने दिला नाही. तारेमी, अर्नाउतोविच, कोरेआ यांच्या भरवशावर चार आघाड्या लढवायला लावल्या.

आणि तरी चॅम्पियन्स लीगमध्ये हाच संघ बायर्नला म्युनिकमध्ये २-१ ने हरवून आला. लीग टप्प्यातल्या आठ सामन्यांत त्यांनी एकच गोल खाल्ला. ६ मेचा बार्सिलोनाविरुद्धचा सेमीफायनलचा दुसरा सामना ज्यांनी जागून पाहिला त्यांना मी काय सांगू? ८७ व्या मिनिटाला बार्सिलोनाच्या राफिन्याने ३-२ केलं, यमालचा फटका खांबाला लागला, आणि भरपाई वेळेत डुम्फ्रीसच्या पासवर तोच ३७ वर्षांचा अचेर्बी. कॅन्सरमधून उठून पुन्हा मैदानात आलेला, डावखुरा बचावपटू, स्ट्रायकरच्या जागी उभा राहून उजव्या पायाने गोल मारतो! मग अतिरिक्त वेळेत फ्रातेसी, ४-३, दोन्ही सामने मिळून ७-६. सोमरने यमालचे जे फटके अडवले ते मी अजूनही पुन्हा पुन्हा बघतो. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते.

म्हणून 'शून्य ट्रॉफी, अपयशी हंगाम' हे दोन शब्दांत उरकणाऱ्यांचा मला राग येतो. प्रशिक्षक सिमोने इन्झागीने चार वर्षांत एक स्कुडेटो, दोन कोपा इटालिया, तीन सुपर कप दिले, दोनदा चॅम्पियन्स लीगच्या फायनलला नेलं. म्युनिकनंतर तीनच दिवसांत तो इंटर सोडून गेला आणि मग सौदीच्या अल-हिलालचा झाला. त्याच्यावर टीका करायची तर फायनलमध्ये पॅरिसच्या व्हिटिन्याला मोकळं सोडल्याबद्दल करा, बोलोन्यात आणि रोमाविरुद्ध ताजे पाय उशिरा उतरवल्याबद्दल करा. पण ज्या संघाने मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दोन मोठ्या किताबांवरची पकड सोडली नाही, त्याला अपयशी म्हणायला मी तयार नाही. कॉमेंटमध्ये वाद घाला, पण लाझिओविरुद्धची शेवटची पंधरा मिनिटं एकदा बघून या.