दोन खिसे शिवून घ्या

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या रानात झोपडी बांधून पुढारी व्हायचं मनात असेल, तर डेव्हिड क्रॉकेटला गुरू करा. जन्म 1786चा, शाळेशी जेमतेम तोंडओळख. 1817 साली लॉरेन्स काउंटीत न्यायनिवाडा करायला बसला, तेव्हा कायद्याच्या पुस्तकाचं एक पानही त्याने वाचलेलं नव्हतं. तुम्हीही वाचू नका. आणि वाचलेलं नाही हे लपवू तर मुळीच नका, चारचौघांत अभिमानाने सांगा. मतं त्यालाच पडतात.

आता कपडे. हरणाच्या कातड्याचा सदरा शिवा आणि त्याला दोन ऐसपैस खिसे ठेवा. एकात व्हिस्कीची बाटली, दुसऱ्यात तंबाखू. दोन कशाला, असं विचारणाऱ्याने निवडणुकीला उभंच राहू नये. रानातला मतदार भेटतो तेव्हा त्याच्या गालात तंबाखूचा बार असतो. तुम्ही बाटली पुढे केलीत की घोट घेण्यासाठी बिचाऱ्याला तो थुंकावा लागतो. म्हणजे तुमच्यामुळे त्याचं नुकसान झालं! तेव्हा निरोप घेताना दुसऱ्या खिशात हात घालायचा आणि त्याला ताजा बार भरून द्यायचा. मतदार भेटला होता त्याहून वाईट स्थितीत सोडू नये, हे धोरण क्रॉकेटने स्वतःच लिहून ठेवलंय. इतकी काटेकोर नुकसानभरपाई सरकारदरबारी मिळालेली कुणी ऐकली आहे का?

भाषण येत नसेल तर उत्तमच. 1821 साली राज्याच्या विधिमंडळासाठी हा पहिल्यांदा लोकांपुढे उभा राहिला तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. मग म्हणाला, एक जण रस्त्याकडेला रिकामं पिंप बडवत बसला होता. का, तर आत मघाशी थोडी सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, होती, अजून आहे का ते बघतोय. माझ्याही पोटात मघाशी थोडं भाषण होतं! लोक हसले. दोनचार गोष्टी सांगून त्याने घसा कोरडा पडल्याचं जाहीर केलं आणि जमाव दारूच्या गुत्त्याकडे वळवला. विरोधकाच्या भाषणाला ऐकणारे उरले मोजके.

विरोधक बोलत असताना गिनी कोंबड्या ओरडल्या आणि त्याने त्या हाकलल्या, तर लगेच उठून सांगा की त्या तुमच्याच नावाचा जयघोष करत होत्या. हेही क्रॉकेटने केलंय, 1827 साली. त्या वर्षी तो थेट वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पोहोचला.

इथपर्यंत गुरू निर्दोष. पुढे मात्र त्याचा कित्ता गिरवू नका. 1830 साली अध्यक्ष जॅक्सनने मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हुसकवण्याचं विधेयक आणलं. जॅक्सन टेनेसीचाच, मतदार त्याच्यामागे वेडे, आणि त्यांना त्या जमिनी हव्या होत्या. शिवाय क्रॉकेटचे आजी-आजोबा 1777 साली मूळ रहिवाशांच्याच हल्ल्यात मारले गेलेले, तो स्वतः त्यांच्यातल्या क्रीक जमातीविरुद्ध लढलेला. म्हणजे हात वर करायला सगळी कारणं हजर. तरी या गृहस्थाने विरोधात मत दिलं. टेनेसीच्या सगळ्या खासदारांत एकट्याने. का, तर म्हणे सद्सद्विवेकबुद्धी! ती कुठल्या खिशात ठेवायची हे आपण ठरवलेलंच नव्हतं. 1831 साली लोकांनी घरी बसवलं. 1833ला पुन्हा निवडून आला, पण गरीब वसाहतकऱ्यांना ते कसत असलेली जमीन मिळवून देणारं त्याचं आवडतं विधेयक काही मंजूर झालं नाही. 1835ला पुन्हा पडला, एका लाकडी पायाच्या वकिलाकडून.

पडल्यावर घरी बसू नये. क्रॉकेटने मतदारांना नरकात जायला सांगितलं आणि स्वतः टेक्सासला गेला. तिथे मेक्सिकोविरुद्ध बंड पेटलेलं. जानेवारी 1836मध्ये त्याने घरी आनंदाने कळवलं की इथली राज्यघटना लिहिणाऱ्या सभेवर आपण निवडून येणार, यात फारशी शंका नाही. मार्चच्या पहिल्या तारखेला ती सभा भरली तेव्हा उमेदवार अलामोच्या गढीत वेढला गेला होता, आणि 6 तारखेला गढी पडली, त्यात तोही गेला. तेव्हा मतदारसंघ बदलाच, पण अर्ज भरण्याआधी तिथे तोफा कुठल्या दिशेला लावल्यात तेवढं विचारून घ्या.