केऑस म्हणजे गोंधळ नव्हे

‘नुसता केऑस चाललाय!’ हे वाक्य रोज कुठे ना कुठे कानावर पडतं आणि दर वेळी मला त्या शब्दाची बाजू घ्यावीशी वाटते. आज घेतोच.

इसवी सनापूर्वी सुमारे ७०० मध्ये हेसिअड नावाचा ग्रीक कवी देवांची वंशावळ सांगायला बसला. सगळ्यात आधी झाला केऑस, मग पृथ्वी, असं तो म्हणतो. त्याच्या मनात पसारा नव्हता. शब्दाचं नातं ‘आ वासणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशी आहे. केऑस म्हणजे आ वासलेली पोकळी. विस्कटायला तिथे काही नव्हतंच मुळी! पसारा आणला तो रोमन कवी ओव्हिडने, तब्बल सात शतकांनंतर. त्याच्या केऑसमध्ये सगळ्या वस्तूंची बीजं एकमेकांशी भांडत एकाच ढिगात पडलेली आहेत. आपण धरून बसलोय तो अर्थ याच्या जवळचा.

(‘गॅस’ हा शब्दही केऑसवरूनच आला. सतराव्या शतकात व्हान हेल्माँट या रसायनशास्त्रज्ञाने तो घडवला.)

मला हेसिअडपेक्षाही जवळचं वाटतं ते सृष्टीच्या आरंभाबद्दलचं ऋग्वेदातलं नासदीय सूक्त. तेव्हा असत् नव्हतं, सत् नव्हतं, अंधाराने झाकलेला अंधार होता. आणि हे सगळं कुठून आलं ते खरंच कोणाला ठाऊक आहे का, असं ते सूक्त शेवटी सरळ विचारतं. हेसिअड विचारत नाही, सांगून मोकळा होतो.

आता विज्ञानातला केऑस, म्हणजे सुरुवातीच्या इवल्याशा फरकाने पुढचं सगळं पार बदलून जाणं. त्याला कुणी ‘अराजक’ म्हटलं की मला राहवत नाही. अराजक म्हणजे राजा नाही, कुणाचा धाक नाही. इथे तर नियमाचं राज्य इतकं कडक की तसूभर सूट नाही. १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेंझ हे हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचं एक गणित पुन्हा चालवत होते. ०.५०६१२७ ऐवजी त्यांनी छापील कागदावरचा ०.५०६ भरला. समीकरणं तीच, तरी थोड्याच वेळात संगणकातलं हवामान आधीपेक्षा पार वेगळं झालं.

पटत नसेल तर कॅल्क्युलेटर घ्या. एक संख्या घ्या, ती एकातून वजा करा, आलेल्या उत्तराला त्याच संख्येने गुणा आणि मग चारने गुणा. जे येईल त्यावर पुन्हा तेच. एकदा ०.३ पासून सुरुवात करा, एकदा ०.३०१ पासून. पहिल्या पायरीला ०.८४ आणि ०.८४१६, म्हणजे जुळी भावंडंच. चौथीपर्यंतही बरोबर चालतात. आठव्या पायरीला एक ०.४४८ वर असते, दुसरी ०.७१९ वर.

नियम एकदाही मोडला नाही. फासा टाकला नाही. फरक होता तो फक्त सुरुवातीच्या एक हजारांशाचा. मी हे पहिल्यांदा स्वतः करून पाहिलं तेव्हा आकडे चुकले असं समजून तीनदा पुन्हा केलं. तिन्ही वेळा तेच आलं.