एकदा तरी पिल्लं होऊ द्या

तुमची लॅब, म्हणजे लॅब्रेडॉर कुत्री, वर्षाची झाली, फरशीवर पहिले लाल ठिपके दिसले, की शेजारच्या काकू चहाला येतील. बशीत चहा ओतता ओतता म्हणतील, "एकदा तरी होऊ द्या हो हिला पिल्लं. नाहीतर मुकं जनावर आतल्या आत कुढतं." लगेच मान डोलवा. डॉक्टरांचं ऐकत बसू नका. ते म्हणतील, एका बाळंतपणाने कुत्रीच्या तब्येतीला काडीचा फायदा होत नाही. उलट वेळेत नसबंदी केली तर पुढे गर्भाशयात पू होण्याची धास्ती मिटते आणि स्तनांच्या गाठींचा धोकाही कमी होतो. डॉक्टर साडेपाच वर्षं शिकलेत. काकू साठ वर्षं जगल्यात. त्यांनी आजवर एकही कुत्रा पाळलेला नाही, पण ज्ञान ज्ञानच असतं.

मी हे अनुभवावरून सांगतोय. आमच्या रोझीला आम्ही एकदाच पिल्लं होऊ दिली. एकदाच. त्यामुळे मी ब्रीडर नव्हे. ब्रीडर म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये पिंजऱ्यांची चळत लावून बसलेला कुणीतरी इसम. आपण प्राणीप्रेमी. आपल्याकडे हॉलमध्ये झुंबर आहे.

पहिली पायरी सोयरीक. पोरीचं स्थळ बघताना आपण गोत्र बघतो, नाडी बघतो, मुलाच्या आत्याचं लग्न का मोडलं तेही काढतो. कुत्रीसाठी एवढा खटाटोप नको. ग्रुपवर टाका: 'लॅब फिमेल, हेल्दी, क्रॉसिंगसाठी मेल पाहिजे, फक्त पुणे.' संध्याकाळपर्यंत अकरा स्थळं येतात. नराचं डोकं मोठं आणि हाडपेर दणकट असलं की ठरवून टाका. लॅबमध्ये खुब्याचा दोष आईबापाकडून उतरतो, तेव्हा दोन वर्षांचे झाल्यावर दोघांच्या कमरेचा एक्स-रे काढा, मग जोडी लावा, असं सांगणारा एखादा शहाणा ग्रुपवर असतोच. ॲडमिनला सांगून त्याला काढा.

आमच्या जावयाचे मालक फार सज्जन निघाले. पैसे नकोत म्हणाले, पहिलं पिल्लू मी निवडणार. या व्यवहारात त्याला 'पिक' म्हणतात. गप्पांच्या ओघात कळलं की त्यांचा कुत्रा आणि आमची रोझी एकाच माणसाकडून आलेत आणि दोघांचा बापही एकच. आम्ही खूप हसलो. नात्यातलंच स्थळ!

मध्येच कुणीतरी कायदा काढेल. केंद्राने 2017 मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केलेत: राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करा, मादी दीड वर्षाची होण्याआधी पैदास करू नका, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नका. दचकू नका. 'आम्ही एकदाच करतोय' हे वाक्य नोंदणीच्या दाखल्यासारखं सगळीकडे चालतं. आणि क्रूरतेचाच मुद्दा निघाला, तर त्याचा कायदा 1960चा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत पुण्यात मिसळही येत नाही.

मग डोहाळजेवण. हे मात्र साग्रसंगीत करा. हिरवी ओढणी, फुलांची वाडी, पुढ्यात चिकन आणि दहीभात. आमच्या रीलला आयुष्यात पहिल्यांदा एवढे लाइक आले. त्रेसष्ट दिवस भरले आणि रात्री दोन वाजता रोझी सोफ्यामागे जाऊन पंजाने फरशी उकरायला लागली. पहाटेपर्यंत नऊ झाली. सातवं मेलेलं होतं. ती त्याला चाटत राहिली, नाकाने ढकलून इतरांच्या रांगेत आणत राहिली. शेवटी बायकोने ते वर्तमानपत्रात गुंडाळलं. हे रीलमध्ये घेतलेलं नाही.

उरलेली आठ ओळखू यावीत म्हणून गळ्यात रंगीत लोकर बांधा आणि वहीत रंगाप्रमाणे नोंद ठेवा. पहिले तीन आठवडे घर म्हणजे गोकुळ. दूध पिणारी पिल्लं आईच चाटूनपुसून स्वच्छ ठेवते, तुम्हाला काही करावं लागत नाही. चौथ्या आठवड्यात वरचं खाणं सुरू होतं आणि ती ते काम सोडून देते. आठ पिल्लं, दिवसाला चार जेवणं, टू बीएचके. प्राणीप्रेमाची कसोटी लागते ती इथे. आमच्या घरात ते पस्तिसाव्या दिवशी संपलं.

पिल्लांनी आठ आठवडे आईजवळ राहावं, असं का म्हणतात तेही सांगून ठेवतो, गिऱ्हाइकाने विचारलं तर विषय बदलता आला पाहिजे. भावंडांशी मस्ती करताना एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटून खेळ सोडतं. दात किती लावायचे हे पिल्लू तिथे शिकतं. शिवाय आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण याच सुमारास ओसरत असतं आणि लशीचं अजून पुरतं उभं राहिलेलं नसतं. अशा नाजूक दिवसांत त्याला नव्या घरी, नव्या फरशीवर सोडणं धोक्याचं, असं त्यांचं म्हणणं. आमचं म्हणणं, पस्तीस दिवसांचं पिल्लू फोटोत जास्त गोड दिसतं.

वही अजून माझ्याकडे आहे.

पिवळी लोकर 'पिक' म्हणून गेली. तिचा फोटो दोन वर्षांनी ग्रुपवर पुन्हा दिसला. आचळं जमिनीला टेकलेली, खाली ओळ: 'प्रूव्हन मदर, वर्षातून दोनदा'. जांभळी आणि केशरी एकाच गृहस्थाने नेली. दोघांना एकमेकांची सोबत होईल म्हणाला, माझे डोळे भरून आले. आठवड्याने तीच दोन पिल्लं, आमच्याच सोफ्यावरच्या फोटोसकट, दुसऱ्या नंबरावर तीन हजार चढवून विकायला होती. लाल वाढदिवसाच्या भेटीत गेलं. पुढच्या वाढदिवसाला सायकल आली आणि लाल मुळशीकडच्या फार्महाउसवर राखणीला, साखळीने. लॅबची राखण म्हणजे चोराला शेपूट हलवून आत घेणं. हिरव्याच्या मालकांना परदेशी नोकरी लागली. तो क्रमांक आता अस्तित्वात नाही.

निळ्याचं जरा लांबलं. नेल्यानंतर चौथ्या दिवशी उलट्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो. तीन दिवस सलाइनवर होतं. त्या घरातल्या मुलीने त्याचं नाव बडी ठेवलं होतं. दवाखान्याच्या फाइलवर 'बडी, वय 5 आठवडे' असं लिहून तिच्या बाबांनी मला फोटो पाठवला. अशा वेळी म्हणायचं वाक्य पाठ करून ठेवा: "आमच्याकडे तर ठणठणीत होतं." मग नंबर ब्लॉक. नवीन पिल्लू लगेच आणू नका, हा विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो, एवढं तरी मी त्यांना सांगायला हवं होतं. पण ब्लॉक केल्यावर सांगणार कसं?

पांढरं दुसऱ्या वर्षापासून मागच्या पायांवर उठेना. खुबे. त्याचा मालक त्याला उचलून तीन मजले चढतो-उतरतो आणि मला दर दिवाळीला शुभेच्छांबरोबर एक्स-रे पाठवतो. काही माणसं फारच मनाला लावून घेतात. आठवं अंगाने बारीक, ते कुणी घेईना. वॉचमनला फुकट दिलं, त्याने ते गावी नेलं. भाकरी खाऊन मजेत आहे म्हणतात.

सहा विकली, प्रत्येकी बारा हजार. भिंतीवरचा टीव्ही त्यातूनच आला. चित्र अजून झकास दिसतं.

रोझी आठ वर्षांची असताना अचानक पाणी फार प्यायला लागली, जेवण टाकलं. गर्भाशयात पू झाला होता. पिल्लं झाल्यावर ऑपरेशन करून घ्यायचं राहूनच गेलं होतं, आधी रील होतं, मग टीव्ही. रात्री टेबलावर घेतली, सकाळ पाहिली नाही. डॉक्टर काही बोलले नाहीत. काकू भेटायला आल्या. "मुकं जनावर," म्हणाल्या. जाताना म्हणाल्या, "आता नवीन आणा. घर खायला उठतं."

तर, नवीन आणताना काय बघायचं? सगळ्यात सोपं म्हणजे जाहिरात. 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग पोरामागे धावला आणि देशभर घरोघरी पग घोरायला लागले. घोरणं गोड वाटू द्या. माणसाने नाक चपटं करत नेलं, त्यामुळे त्याला श्वास पुरत नाही, उन्हाळ्यात तर जीव घुसमटतो, डोळेही खोबणीत धड बसत नाहीत. पण व्हिडिओ छान येतो. त्याहून हौस असेल तर हस्की घ्या. सायबेरियात बर्फातून गाड्या ओढायला घडलेलं, दुहेरी केसांचं जनावर नागपुरात मे महिन्यात बाल्कनीत ठेवलं की लोक माना वळवून बघतात. कुत्राही बघतो, बंद एसीकडे.

फक्त शेल्टरच्या, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या त्या आश्रमाच्या, वाटेला जाऊ नका. तिथे कुत्रं फुकट मिळतं, लस टोचलेलं, नसबंदी झालेलं. फुकटच्या मालाची आपल्याकडे किंमत नाही, हे त्यांना ठाऊक असावं, म्हणून ते किंमत प्रश्नांत वसूल करतात. घर भाड्याचं की स्वतःचं? घरातल्या सगळ्यांना चालणार आहे का? गावाला गेलात तर कोण बघणार? बदली झाली तर? बाळ झालं तर? वर रविवारी घर बघायला येणार. मी पिल्लं विकली तेव्हा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला होता: जीपे की कॅश?

आणि एवढं करून देतात काय, तर गावठी! ज्याला गल्लीत 'हाड' म्हणतात ते. दत्ताच्या तसबिरीपुढे हात जोडताना पायाशी बसलेली चार कुत्री कुठल्या जातीची आहेत, हे आपण कधी विचारलेलं नाही. नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्याच्यामागे धावले, त्याचे कागद त्यांनी आधी बघितल्याचं कुठे वाचनात नाही. पण ते संत. आपल्याला सोसायटीत राहायचं असतं. शिवाय तिकडे महापालिका गावठी कुत्री पकडून, नसबंदी करून, कानाला खाच पाडून जिथल्या तिथे सोडत असते. इकडे आपण हॉलमध्ये झुंबराखाली नऊ-नऊची भर घालतो. कुणीतरी समतोल राखायला नको?

मी गेलो तो निव्वळ चौकशीला. शेवटच्या पिंजऱ्यात एक तपकिरी कुत्री होती, पाच-सहा वर्षांची, एका कानाला खाच, मागचा पाय गाडीखाली सापडून आखडलेला. बाकीची भुंकत होती. ही उठली, लंगडत जाळीपर्यंत आली आणि माझ्या बुटावर हनुवटी टेकवून बसली. अशांपासून सावध राहा. ही धंदेवाईक असतात.

टेबलापाशी बसलेल्या ताईंनी फॉर्म पुढे केला. नाव, पत्ता, मजला, लिफ्ट आहे का. सातवा प्रश्न: याआधी प्राणी पाळला होता का? त्याचं काय झालं? आठवा: त्याला पिल्लं झाली होती का? किती? सध्या कुठे आहेत?

उत्तराला एकच ओळ सोडली होती. मी ताईंकडे कोरा कागद मागितला.