सहा महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांचे एक पत्र

दीर्घकालीन आजार घेऊन परदेशी स्थायिक होताना वेदनाशामक औषधांची सोय कशी लावावी, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया परखड आहे आणि ती सविस्तर उत्तराला पात्र आहे. आपले म्हणणे असे, की मी वाचकांना विनाकारण घाबरवले. सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत टाकाव्यात, कोणी तपासत नाही, आणि तिकडे जुनी चिठ्ठी दाखवली की कोणताही डॉक्टर तीच औषधे लिहून देतो. डॉक्टरांचे पत्र घ्यायला सांगून मी रुग्णाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, हा आपला दुसरा आक्षेप.

रक्तदाबाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्यांपुरते आपले म्हणणे बरेचसे चालून जाईल. माझा लेख मात्र मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, कोडीन, ट्रामाडॉल, प्रीगॅबालिन अशा औषधांविषयी होता आणि तिथे प्रत्येक देशाचा कायदा वेगळा आहे. जपानमध्ये मॉर्फिन किंवा ऑक्सिकोडोन नेण्यासाठी निघण्यापूर्वीच परवानगी घ्यावी लागते. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल आणि कोडीनसाठी तिथल्या आरोग्य मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. युरोपातील शेंगेन देशांमध्ये (आपसांत सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात) ये-जा करताना अशा प्रत्येक औषधासाठी स्वतंत्र दाखला असतो आणि त्याची मुदत ३० दिवसांची असते. ट्रामाडॉलचे उदाहरण तर बोलके आहे. अमली पदार्थांविषयीच्या १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत ते नाही. तरीही ब्रिटन आणि अमेरिकेने २०१४ मध्ये व भारताने २०१८ मध्ये ते आपापल्या कायद्याने नियंत्रित केले. त्यामुळे एका देशात साध्या चिठ्ठीवर मिळालेली गोळी दुसऱ्या देशाच्या विमानतळावर अमली पदार्थ ठरू शकते, आणि ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर तिथे उपयोगी पडत नाही. बॅग बहुतेकदा उघडली जात नाही, हे खरे असेलही. पण उघडली गेली तर होणारा त्रास आजारी माणसाला सोसवणारा नसतो, कारण औषधच जप्त होऊ शकते.

आता समजा, सहा महिन्यांचा साठा सुखरूप पोहोचला. सातव्या महिन्याचे काय? ब्रिटनचा नियम इथे पाहण्यासारखा आहे. तीन महिने किंवा त्याहून अधिक काळाची नियंत्रित औषधे सोबत असतील तर वैयक्तिक परवाना लागतो, आणि त्याहून दीर्घ मुक्काम करणाऱ्याने जिथे राहायचे तिथल्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे, असा तिथल्या सरकारचाच सल्ला आहे. बाहेरच्या देशातील चिठ्ठीवर केमिस्ट नियंत्रित औषध सहसा देत नाही. काही वेळा तर ते औषधच तिथे नसते. जर्मनीत सर्रास लिहिले जाणारे मेटामिझोल हे वेदनाशामक ब्रिटन आणि अमेरिकेत मिळत नाही, कारण त्यामुळे क्वचित रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. अशा वेळी पर्याय निवडायला वेळ लागतो, आणि साठा संपत आल्यावर धावाधाव करून तो मिळत नाही.

पत्राचा मुद्दा इथेच येतो. नव्या डॉक्टरासमोर आपण बसता तेव्हा त्याला एक अनोळखी व्यक्ती अफूजन्य औषधाचे नाव घेऊन ते मागताना दिसते. ‘मॉर्फिन ३० मिलिग्रॅम’ एवढ्याच मजकुराची चिठ्ठी त्याच्या फारशी कामाची नाही, कारण लगेच काम करणारी गोळी आणि बारा तास पुरणारी गोळी यांत मोठा फरक आहे. त्याला निदान हवे असते, कोणत्या तपासण्यांवरून ते झाले हे हवे असते, औषधाचे व्यापारी नाव सोडून मूळ नाव, गोळीचा प्रकार, दिवसातील वेळा, मात्रा शेवटची कधी बदलली, आणि विशेष म्हणजे आधी कोणती औषधे वापरून पाहिली व ती का सोडली. हा शेवटचा तपशील नसेल तर नवा डॉक्टर पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो आणि आपल्याला पूर्वी न मानवलेल्या गोळ्या पुन्हा गिळाव्या लागतात. गोळ्याही मूळ स्ट्रिपमध्ये, आपल्या नावाच्या लेबलासह असाव्यात. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत सुट्या काढलेल्या गोळ्या कोणालाच ओळखता येत नाहीत.

मला खरी भीती सीमाशुल्क अधिकाऱ्यापेक्षा औषध अचानक तुटण्याची वाटते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट इशारा दिला होता, की शरीराला सवय झालेली अफूजन्य औषधे एकदम थांबवल्यास तीव्र त्रास, अनावर वेदना आणि आत्महत्येचे विचारही उद्भवू शकतात. प्रीगॅबालिन एकाएकी बंद केल्यासही झोप उडते, घाम येतो, मळमळते, बेचैनी वाढते. तिथले डॉक्टर मात्रा कमी करू पाहतील तर ‘हळूहळू करा’ असे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मात्र त्यासाठी गाठीशी काही आठवड्यांच्या गोळ्या हव्यात आणि पहिली भेट त्या संपण्याआधी ठरलेली हवी.

राहिला आरोपीच्या पिंजऱ्याचा प्रश्न. ही व्यवस्था वेदनेकडे संशयाने पाहते, याबद्दल आपल्याइतकीच चीड मलाही आहे. शरीराला औषधाची सवय होणे म्हणजे व्यसन नव्हे, हे काही डॉक्टरांनाही सांगावे लागते. पण हा वाद दुखऱ्या अंगाने, परक्या भाषेत, एकट्याने घालण्यापेक्षा आपल्याला वर्षानुवर्षे तपासणाऱ्या डॉक्टरांनी तो आपल्या सहीशिक्क्यानिशी आधीच मांडून ठेवलेला मला परवडतो. ते पत्र तिथल्या भाषेत अधिकृतपणे भाषांतरित करून घ्यावे आणि त्याची एक प्रत हातातल्या बॅगेत ठेवावी.