टबातली द्राक्षं

आज दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर एक रील आलं. "वाइन फेस्टिवलला जाताय? तिकिटाचे पैसे असे वसूल करा!" सकाळपासून काही खाऊ नका, लवकर चढते. गर्दी नसलेल्या स्टॉलवर दोन-दोनदा जा. ग्लास भरूनच मागा. खाली सगळ्यांचे हसरे चेहरे. मला हसू आलं नाही. संताप आला आणि नाना आठवले.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी नानांना नाशिकजवळच्या एका फेस्टिवलला नेलं होतं. कुठल्या ते सांगत नाही. माझे वडील निफाड तालुक्यातले, सगळा जन्म थॉमसन या खायच्या द्राक्षांच्या मांडवाखाली गेलेला. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग मणी फुगवायला घड औषधात बुडवायचं डिपिंग, मणी विरळायचं थिनिंग, डाउनी रोगाची धास्ती. २०१४च्या गारपिटीत उभी बाग झोपली, तेव्हाही हा माणूस दुसऱ्या दिवशी कात्री घेऊन बागेत गेला होता. "वाइनची द्राक्षं कशी असतात, ते एकदा बघायचंय," म्हणाले, म्हणून नेलं. गळ्यात माळ आहे, पिण्याचा प्रश्नच नव्हता.

आत शिरलो तर समोर मोठा लाकडी टब. पोरंपोरी द्राक्षं तुडवत होती, एकमेकांवर फेकत होती, फोटो चालले होते. नाना जवळ गेले, वाकून एक मणी उचलला. "थॉमसन हाये. एक्स्पोर्टचा माल नाही, पण खायला चांगली हाये." तिथला मुलगा म्हणाला, "काका, चप्पल काढा, उतरा की!" नानांनी चप्पल काढली. पण उतरले नाहीत. टबाच्या कडेला हात लावला, तो कपाळाला लावला, चप्पल घातली आणि बाजूला झाले.

तुडवून रस काढायची रीत जुनी आहे, मान्य. गोव्यात फेणीसाठी काजूचे बोंडू अजून कित्येक ठिकाणी पायांनीच तुडवतात. पण तिथला रस भांड्यात जातो आणि भट्टीवर चढतो. त्या टबातल्या द्राक्षांची वाइन होणार नव्हती, संध्याकाळी ती ओतून देणार होते. नानांनी विचारलं तेव्हा त्या मुलानेच सांगितलं.

तुमच्यापैकी कुणी यंदा जाणार असाल तर त्या रीलचं ऐकू नका. पोटभर जेवून जा. फेब्रुवारीत सकाळी गारठा असतो, पण दुपारी ऊन भाजून काढतं, तेव्हा टोपी हवी आणि दर घोटामागे पाणी. ग्लासात तळाशी घोटभरच ओततात, ती कंजुषी नव्हे. वाइनमध्ये साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल असतं, दहा स्टॉल फिरलात की घोट-घोट करत बरंच पोटात जातं. थुंकायला भांडं ठेवलेलं असेल तर खुशाल वापरा, जाणकार तेच करतात. आणि परतीची गाडी आधी ठरवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलात की गुन्हा होतो, आणि तो रस्ता गावांतून जातो. त्या रस्त्यावर माझ्या माणसांची पोरं सायकलवर असतात!

आणि कोपऱ्यातल्या स्टॉलवर जा. आम्हाला तिथेच खरा माणूस भेटला. तिशीतला पोरगा, स्वतःची छोटी वायनरी, समोर कुणी नाही. नानांशी तासभर बोलला. वाइनचा मणी लहान लागतो, म्हणाला. बिया असल्या तरी चालतील, साल जाड हवी, कारण लाल वाइनचा रंग सालीतून येतो आणि चवही बरीचशी तिथेच असते. मणी फुगला की पाणी वाढतं. नाना थक्क! "आम्ही मणी फुगवण्यात जन्म घातला, आन् तुम्ही तो बारीक ठेवायला धडपडता?" मग त्याने शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन ग्लासात घालून फक्त वास घ्या म्हटलं. नानांनी डोळे मिटले. "पेरू," म्हणाले. पोराचा चेहरा असा काही फुलला!

तेवढ्यात चार जण मध्ये घुसले. "भाऊ, सगळ्यात स्ट्राँग कोणती?" त्याने ओतली, ते ढोसून गेले. नाव विचारलं नाही, बाटलीकडे बघितलं नाही. एका बाटलीला किलोभराहून जास्त द्राक्षं लागतात. २००१ साली राज्याने वाइनचं धोरण आणलं ते शेतकऱ्याच्या मालाला आणखी एक वाट मिळावी म्हणून, आणि आपण तिथे जाऊन तिकीट वसूल करायचं?

गाणी-बजावणी नसती तर एवढी माणसं आली नसती आणि त्या पोराला स्टॉलही परवडला नसता, हे मला कळतं. दारूने घरं उद्ध्वस्त होतात, हेही. आमच्या गल्लीतच दोन झालीत. म्हणून तर त्या "लवकर चढते"ची जास्त चीड येते.

लिहिता लिहिता थांबून नानांना फोन केला. रीलचं काही बोलले नाही, यंदा परत जायचं का एवढंच विचारलं. टब आठवला असणार, जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या पोराच्या बागेला अवकाळीनं काही केलं नाही ना गं?"