दोनच मिनिटं, साहेब!

वायपरखाली पार्किंगच्या दंडाची पावती दिसली की माणूस आधी पावती फाडणाऱ्याला शोधतो. तो सापडत नाही. मग रांगेतल्या इतर गाड्यांकडे बघून तो "मलाच कशी?" असं आभाळाला विचारतो, आणि तणतणत गाडी काढून निघून जातो. इथेच अर्धा खटला हरला. गाडी जिथे उभी होती ती जागा हाच आपला पुरावा, आणि तो आपणच चाक फिरवून मोडलेला असतो.

म्हणून गाडी हलवण्याआधी फोटो काढावेत. पहिला लांबून, गाडी आणि जवळचा फलक एकाच चौकटीत येईल असा. दुसरा फलकाचा जवळून, त्याच्या खालच्या पाटीवरच्या वेळा वाचता येतील असा. तिसरा रस्त्यात शिरताना चालकाला जे दिसतं त्याचा. फलक झाडाच्या फांदीआड गेला असेल तर ते फक्त याच फोटोत कळतं. वाद अंतराचा असेल तर टेप जमिनीवर अंथरून फोटो घ्यावा. येणारेजाणारे हसतील, हसू द्यावं. "अंदाजे बारा पावलं" असं लिहिण्यात अर्थ नाही, कारण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्या ढांगेचं माप ठाऊक नसतं. मूळ फाइल जपून ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळेची नोंद गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते.

मग पावती वाचावी. लोक फक्त रक्कम वाचतात, तीही पुन्हा पुन्हा. खरं बघायचं ते गाडीचा नंबर, तारीख, वेळ, जागा आणि कलम. नंबर वाचणारा कॅमेरा कधीकधी आठला इंग्रजी 'बी' समजतो, शून्याला 'ओ'. नंबर किंवा जागा चुकली असेल तर मुद्दा भक्कम आहे. गाडीचा रंग 'राखाडी'ऐवजी 'चंदेरी' लिहिलाय म्हणून मात्र कुणी दंड माफ करत नाही. पावतीवर क्यूआर कोड असेल तर घाईने स्कॅन करू नये, खोट्या पावत्याही चिकटवल्या जातात. अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून पावती क्रमांक तिथे तपासावा.

आता आपलं लाडकं वाक्य: "दोनच मिनिटं थांबलो होतो!" ते अगदीच टाकाऊ नाही. पुष्कळ देशांत निळ्या गोलावर एकच तिरकी लाल पट्टी असेल तर गाडी लावायला मनाई असते; माणूस उतरवण्यापुरतं किंवा सामान चढवण्यापुरतं थांबता येतं. दोन पट्ट्यांची फुली असेल तर तेवढंही नाही. म्हणजे एका पट्टीखाली 'प्रवासी उतरवत होतो' हा बचाव आहे, फुलीखाली तो कबुलीजबाब आहे. चारही इंडिकेटर लुकलुकवले की गाडी कायद्याला दिसेनाशी होते, हा समज मात्र कुठल्याच फलकाखाली चालत नाही. "बाकीच्याही उभ्या होत्या" हेसुद्धा नाही.

सबबींना इतिहास मात्र आहे. जगातलं पहिलं पार्किंग मीटर, म्हणजे नाणं टाकून गाडी लावायची वेळ विकत घ्यायचं मशीन, 16 जुलै 1935 रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसलं. त्यावरून सुरुवातीलाच पकडल्या गेलेल्यांत एक पाद्री होता. सुटे आणायला दुकानात गेलो होतो, असं सांगून तो सुटला, असं म्हणतात. ती सबब आता विसरावी. मशीन बंद असेल तर त्याच्या पडद्याचा आणि मशीनवरच्या क्रमांकाचा फोटो लागतो.

दंडाविरुद्धचा अर्ज अर्ध्या पानाचा पुरे. वर पावती क्रमांक, गाडीचा नंबर. मग घटना वेळेच्या क्रमाने. मग एक मुद्दा. शेवटी 'दंड रद्द करावा' ही विनंती. आपण किती वर्षं कर भरतो, हे अधिकाऱ्याला कळवू नये, त्यालाही पगारातून कापतात. सगळ्यात घातक म्हणजे "मी तिथे नव्हतो, आणि असलो तरी फलक दिसत नव्हता". दोन बचाव एकमेकांना खातात, उरतो दंड.

तक्रार करायची असेल तर आधी पैसे भरू नयेत. बहुतेक ठिकाणी भरणं म्हणजे गुन्हा मान्य करणं. मुदत पावतीच्या मागे बारीक अक्षरात असते. ती कुठल्या तारखेपासून मोजायची तेही तिथेच वाचावं. अर्ज हातोहात दिला तर पोच, ऑनलाइन दिला तर शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट.

पहिलं उत्तर पुष्कळदा छापील नकाराचं असतं. ते शेवटचं समजू नये, पुढे अपील असतं. मात्र तिथे सुनावणीला जावं लागलं तर एक दिवसाची रजा आणि दंड यांची वजाबाकी करून बघावी. मला विचाराल तर मुद्दा पक्का असेल तर जावं, नुसता राग असेल तर भरून मोकळं व्हावं.

जिंकलात तरी आठवड्याभराने नोंद तपासा; आदेश निघतो, पण संगणकातली थकबाकी तशीच राहू शकते. गाडी उचलून नेली असेल तर टोइंगचे पैसे आपोआप परत मिळतीलच असं नाही. त्यासाठी कदाचित वेगळा अर्ज करावा लागेल. त्याचीही पोच घ्यावी.