वाळवंट तेच, तबकड्या निराळ्या

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा चित्रपट आमच्या घरात एकाहून अधिक प्रतींत नांदतो आहे, ही गोष्ट पाहुण्यांच्या कानावर जाऊ नये असे कुटुंबात एकमताने ठरलेले आहे. ज्याच्या कपाटात ज्ञानेश्वरीच्या तीन वेगवेगळ्या प्रती असतात त्याला लोक व्यासंगी म्हणतात. पण एकाच इंग्रजी चित्रपटाची व्हीएचएस कॅसेट, निरनिराळ्या डीव्हीडी, ब्लू-रे आणि फोर-के तबकडी जपून ठेवणाऱ्या माणसाकडे पाहण्याची लोकांची नजर वेगळी असते. "पिक्चर तोच आहे ना?" असे माझ्या मेहुण्याने एकदा विचारले होते. मी त्याला उत्तर देऊ लागलो आणि उत्तराच्या मध्यावर तो बायकोमुलांना घेऊन निघून गेला.

वास्तविक पिक्चर तोच नाही, आणि या गोंधळाला मी जबाबदार नाही. डेव्हिड लीन यांचा हा चित्रपट १० डिसेंबर १९६२ रोजी लंडनमध्ये प्रथम दाखवला गेला तेव्हा तो सुमारे २२२ मिनिटांचा होता. पुढच्याच महिन्यात त्यातली वीसेक मिनिटे उडवण्यात आली, आणि सत्तरच्या सुमारास तो पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा आणखी कात्री लावून १८७ मिनिटांवर आणण्यात आला. सात ऑस्कर मिळवलेल्या चित्रपटाची ही गत! अखेर १९८८-८९ मध्ये रॉबर्ट हॅरिस यांनी कापलेले तुकडे हुडकून, जोडून चित्रपट पुन्हा उभा केला, आणि त्या कामाला हातभार लावायला आलेल्या खुद्द लीन यांनी जाता जाता स्वतःच्याच चित्रपटातली काही मिनिटे पुन्हा छाटली. त्यात सुरुवातीचे वाद्यसंगीत, मध्यंतरानंतरचे संगीत आणि शेवटचे संगीत धरायचे की नाही यावर एकमत नसल्याने खोक्यावर कुठे २१६ मिनिटे छापलेली असतात, तर कुठे २२७. खोके पाहून चित्रपट कितीला संपेल आणि कुकर कितीला लावायचा हे ठरवणाऱ्या गृहिणीला या आकड्यांचा काहीही उपयोग नाही, हे मी मान्य करतो.

आमच्याकडे सर्वांत आधी आली ती दोन कॅसेटींची व्हीएचएस. हा चित्रपट ६५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर चित्रित झाला असून त्याची चौकट उंचीच्या सव्वादोन पटींच्या जवळपास रुंद आहे. जुना टीव्ही चारास तीन या प्रमाणाचा, म्हणजे जवळजवळ चौकोनी. त्यात पडदा भरून चित्र बसवायचे तर सुमारे चाळीस टक्के चित्र कापून टाकावे लागते, आणि नेमके कुठले कापायचे हे कुठल्यातरी स्टुडिओत बसलेला एक अनामिक गृहस्थ ठरवतो. लीन यांना चौकटीच्या दोन टोकांना दोन माणसे उभी करून मध्ये मैलभर वाळवंट ठेवण्याची सवय होती. त्या गृहस्थाने वाळवंट ठेवले आणि माणसे कापली. परिणामी कित्येक महिने माझी अशी समजूत होती की लॉरेन्स हा एकटाच बडबडणारा, थोडासा भ्रमिष्ट इंग्रज असून वाळवंट त्याला अधूनमधून उत्तर देते. शिवाय प्रवास सुरू आहे हे ठसावे म्हणून लीन यांनी उंट शक्यतो डावीकडून उजवीकडे चालवले आहेत, तर कॅसेटमध्ये चित्रच उंटांच्या मागे सरकत असल्यामुळे सगळा तांडा जागच्या जागी पाय हलवतो आहे असे वाटे.

मग डीव्हीडी आली, आणि तिच्याबरोबर विभागांची भानगड आली. अमेरिकेची तबकडी विभाग एकची, आपण विभाग पाचात. एकाची तबकडी पाचाच्या यंत्रात चालत नाही. त्यासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन कुलूप काढलेला प्लेअर आणावा लागतो. तो आणला, तेव्हा पत्नीने फक्त एवढेच विचारले की आपल्या विभागातले चित्रपट संपले आहेत का. २००१ची दोन तबकड्यांची डीव्हीडी आधी घेतली. नंतर २००३ मध्ये 'सुपरबिट' नावाची आवृत्ती निघाली, जिच्यात मुलाखती, माहितीपट वगैरे सगळे काढून टाकून ती जागा चित्राला आणि ध्वनीला दिलेली होती. कमी माल देऊन पुन्हा पैसे घेण्याची ही कल्पना ज्या कोणाच्या डोक्यातून निघाली असेल त्याचे मला कौतुक वाटते, कारण मी ती तबकडी आनंदाने घेतली.

याच सुमारास एका नातेवाइकाने इंग्लंडहून येताना तिथली डीव्हीडी आणली आणि घरात पहिल्यांदा मला एक समविचारी व्यक्ती भेटली. युरोपातल्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे दाखवली जातात, चित्रपट मात्र २४च्या हिशोबाने चित्रित झालेला असतो. तेव्हा तो सरळ चार टक्के वेगाने पळवला जातो. २२७ मिनिटांचा चित्रपट २१८ मिनिटांत उरकतो, उंट थोडे घाईने चालतात आणि संगीताचा सूर चढतो. मी दोन्ही तबकड्या आलटून पालटून लावून मॉरिस जार यांचे सुरुवातीचे संगीत ऐकत होतो. सासूबाई आतल्या खोलीत गवार मोडत होत्या. त्यांनी आयुष्यभर गाणे केले असले तरी हा चित्रपट त्यांनी पाहिलेला नव्हता, पाहण्याची इच्छाही नव्हती. त्या हातात गवारीची ताटली घेऊन दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, मघाचं आणि हे एका पट्टीत नाही. कोण चढवतंय?" मी त्यांना सेकंदाला २४ आणि २५ चित्रांचे गणित सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग पट्टी जुळवून घेतल्याशिवाय विकतात कशाला?" या विषयावर इतके मुद्देसूद मत मी अन्यत्र वाचलेले नाही.

त्या सुरुवातीच्या संगीताचा आणखी एक त्रास आहे. चित्रपट सुरू होतो तेव्हा चार मिनिटांहून अधिक काळ पडदा पूर्ण काळा असतो आणि केवळ वाद्यवृंद वाजत असतो. चित्रपटगृहात लोक स्थिरस्थावर व्हावेत म्हणून केलेली ही योजना घरात लोकांना अस्वस्थ करते. मेहुणा हमखास उठतो, टीव्हीच्या मागे हात घालतो, एचडीएमआयची वायर उपटतो, तिच्या टोकावर फुंकर मारतो आणि पुन्हा खोचतो. "भाऊजी, आवाज येतोय, पण चित्र गेलंय," हे वाक्य मी प्रत्येक आवृत्तीच्या वेळी ऐकलेले आहे. म्हणजे निदान या एका बाबतीत सर्व आवृत्त्या तंतोतंत सारख्या आहेत.

आता तुलनेची खरी पद्धत सांगतो. दोन प्लेअर एकाच टीव्हीला जोडायचे, दोन्हीकडे तेच दृश्य थांबवून ठेवायचे आणि रिमोटने इकडून तिकडे जायचे. सिद्धान्त म्हणून हे उत्तम आहे. प्रत्यक्षात इनपुट बदलताना टीव्ही काही क्षण 'नो सिग्नल' दाखवतो, आणि तेवढ्यात आधीची वाळू नेमकी कोणत्या रंगाची होती हे आपण विसरलेले असतो. बरे, वाळूचा खरा रंग कोणता हे तरी कोणी सांगावे? या चित्रपटातला अरबस्तान जॉर्डन, स्पेन आणि मोरोक्को मिळून बनलेला आहे. वादी रमची वाळू तांबूस, जाफरची जमीन फिकट, भेगाळलेली; आणि अकाबावरचा तो प्रसिद्ध हल्ला तर स्पेनमधल्या आल्मेरियाच्या किनाऱ्यावर उभारलेल्या खोट्या अकाबावर झालेला आहे. एका आवृत्तीत वाळू बेसनासारखी दिसते म्हणून मी चिडलो, तेव्हा पत्नी म्हणाली, "असेल तिथली तशी." भूगोलाच्या दृष्टीने तिचे म्हणणे खोडून काढणे अवघड होते.

परीक्षेचे दृश्य मात्र ठरलेले आहे. लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या तफास विहिरीपाशी थांबलेले असतात आणि क्षितिजावरच्या मृगजळातून एक काळा ठिपका हळूहळू मोठा होत येतो. तो शरीफ अली, म्हणजे ओमर शरीफ. छायालेखक फ्रेडी यंग यांनी यासाठी ४८२ मिलिमीटरचे लेन्स वापरले होते. कॅसेटमध्ये हा ठिपका दिसतच नसे: विहीर, वाळू, शांतता, आणि एकदम बंदूक. डीव्हीडीत क्षितिजावर काहीतरी वळवळते, पण तो अली आहे की तबकडीवरचे बोट उमटलेले आहे हे कळत नाही. ब्लू-रेमध्ये ठिपका स्पष्ट होतो, आणि फोर-केमध्ये तर तो इतक्या लवकर दिसतो की तफासला ओरडून सांगावेसे वाटते. तंत्रज्ञानाने एवढी मजल मारली, पण तफासचा मृत्यू एका सेकंदानेही पुढे ढकलता आलेला नाही.

घरी आलेल्या लोकांना या ठिपक्यात काडीचाही रस नसतो. त्यांना रस असतो तो कासिममध्ये, कारण कासिमचे काम आपल्या आय. एस. जोहर यांनी केले आहे. शेजारचे काका, ज्यांनी 'जोहर मेहमूद इन गोवा' प्रथम प्रदर्शित झाला तेव्हाच पाहिला होता, ते जोहर दिसताच खुर्ची पुढे ओढून बसले. नेफूदच्या वाळवंटात कासिम उंटावरून पडतो, रिकामा उंट तांड्याबरोबर चालत राहतो, आणि लॉरेन्स त्याला आणायला एकटा मागे फिरतो. दूरवर पसरलेल्या पांढऱ्या उन्हात एकटा जोहर अंगावरची ओझी टाकत चालतो आहे. इथे मी, दोन आवृत्त्यांतला उन्हाचा पांढरेपणा तपासण्यासाठी, चित्रपट थांबवला. काकांनी मला आजवर कधी एकेरीत संबोधले नव्हते. पुढे वाचलेल्या कासिमला स्वतः लॉरेन्सलाच गोळी घालावी लागते हे कळल्यावर तर ते चहा न घेताच गेले, आणि त्याचाही दोष माझ्या माथी आला.

कानाच्या तपासणीबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण ती सर्वांत छळवादी आहे. हॅरिस यांना कापलेली दृश्ये सापडली, पण त्यांतल्या बऱ्याच भागाचा आवाज सापडला नाही. म्हणून पीटर ओटूल, अलेक गिनेस, अँथनी क्वेल, आर्थर केनेडी या नटांनी पाव शतकानंतर आपापली वाक्ये पुन्हा बोलून दिली, आणि त्यांचे पिकलेले आवाज यंत्राने तरुण करण्यात आले. जॅक हॉकिन्स १९७३ मध्येच निवर्तले होते, त्यांच्या जागी चार्ल्स ग्रे बोलले. म्हणजे अमुक एका दृश्यात चेहरा तिशीच्या आसपासचा आणि आवाज त्याच माणसाचा, पण पंचवीस वर्षांनी थोरला. एकदा ही माहिती झाली की संवाद ऐकू येणे बंद होते आणि फक्त वय ऐकू येते.

२०१२ साली पन्नाशीनिमित्त मूळ निगेटिव्ह आठ-के इतक्या बारकाईने स्कॅन करून चित्रपट नव्याने सावरण्यात आला आणि ब्लू-रेवर आला. वाळवंटातल्या उष्णतेने निगेटिव्हच्या थरावर पडलेल्या अतिसूक्ष्म भेगा संगणकाने एकेक करून बुजवण्यात आल्या. त्या कुठे उरल्या आहेत का हे पाहण्यासाठी मी पडद्याला नाक लावून उभा असताना पत्नीने मला बाजूला सारून काच ओल्या फडक्याने पुसली आणि चित्रात जो फरक पडला तो, प्रामाणिकपणे सांगायचे तर, डीव्हीडी आणि ब्लू-रेमधल्या फरकाच्या तोडीचा होता. कोणी मला विचारलेच तर मी ही २०१२ची ब्लू-रे घ्यावी असेच सांगतो. सहसा कोणी विचारत नाही.

फोर-केचे प्रकरण खर्चिक झाले, कारण २०२० मध्ये ती तबकडी सुटी मिळतच नव्हती. सहा चित्रपटांचा जाडजूड संच घ्यावा लागला. लॉरेन्ससाठी मी १९३९ चा एक राजकीय चित्रपट, अणुबाँबवरचा एक विनोदी चित्रपट, बायकांच्या बेसबॉलवरचा एक, खेळाडूंच्या एजंटावरचा एक आणि 'गांधी' असे पाच चित्रपट आणि त्यांवरचे सीमाशुल्क परदेशातून घरी आणले. मी विहिरीपाशी ठिपका तपासत असेपर्यंत घरच्यांनी दुपारी, मी कामावर असताना, ते पाचही पाहून संपवले. मेहुण्याला बेसबॉल आवडला. सासूबाईंनी 'गांधी' दुसऱ्यांदा लावला तेव्हा मी योगायोगाने घरी होतो आणि सुरुवातीच्या अंत्ययात्रेत एक क्षणभर चित्र थांबवून गर्दीतले बारकावे पाहावेत, जुनी तबकडीही कुठेतरी असावी, अशी माझी माफक इच्छा होती. त्यांनी रिमोट उचलून पदराखाली घेतला.

"तुमच्या त्या पावणेचार तासांत एक बाई तोंड उघडत नाही," त्या म्हणाल्या. "इथे आमची रोहिणी हट्टंगडी आहे. तिचं होईपर्यंत बोट लावायचं नाही."